सेकंड लाइफमध्ये पहिला लाइव्ह शो लावायचाय? मग आधी हे वाचा

मागच्या महिन्यात एका नव्या मुलीचा मला सेकंड लाइफ या ऑनलाइन जगात मेसेज आला, ताई मी क्लब बांधलाय, स्टेज आहे, फिरते लाइट आहेत, धूर पण सोडतो, आता लोक कसे आणायचे ते सांग. गेले बघायला. क्लब खरंच देखणा होता, पण मी टेलिपोर्ट होऊन (म्हणजे एका क्लिकवर तिथे पोचून) उतरले ती थेट स्टेजमागच्या भिंतीत, गाण्याचा पत्ता नाही आणि त्या धुराने माझ्या जुन्या लॅपटॉपचा पंखा विमानासारखा ओरडायला लागला. मग तासभर टाइप करून तिला जे सांगितलं तेच इथे जरा नीट लिहितेय, म्हणजे पुढच्या वेळी कुणी विचारलं की लिंक टाकून मी मोकळी.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सेकंड लाइफ, आम्ही सगळे एसएलच म्हणतो, हे लिंडन लॅब कंपनीने २००३ मध्ये सुरू केलेलं ऑनलाइन जग आहे. याला गेम म्हणू नका, इथे जिंकायचं काही नसतं. अवतार (आतलं आपलं रूप) करायचा, फिरायचं, गप्पा मारायच्या, जागा घ्यायची, वस्तू बनवून विकायच्या. आतलं चलन लिंडन डॉलर, साधारण अडीचशे लिंडनला एक अमेरिकी डॉलर धरून चाला. आणि लाइव्ह गाणं हा इथला जुना धंदा आहे, सुझान वेगा या अमेरिकन गायिकेने २००६ च्या ऑगस्टमध्येच आत अवतार करून गाणं म्हटलं होतं. आज रोज कुठे ना कुठे कुणीतरी स्वतःच्या घरातल्या माइकसमोर बसून गात असतं आणि पंचवीस-तीस अवतार समोर नाचत असतात.

पायरी १: जागा घेऊ नका (अजून)

नवे लोक सगळ्यात आधी हीच चूक करतात, मीही केली. जागेचं भाडं दर आठवड्याला जातं, शो असो नसो. त्यापेक्षा चालू असलेल्या एखाद्या क्लबमध्ये होस्ट म्हणून लागा. बहुतेक क्लबना होस्ट कायम कमीच पडतात, दारावर अर्जाचा बोर्ड असतो, नोटकार्ड (आतला लिहायचा कागद) भरून टाकायचं. होस्टचं काम म्हणजे आलेल्या प्रत्येकाचं नाव घेऊन स्वागत करायचं, गाणाऱ्याची ओळख करून द्यायची, गप्पा चालू ठेवायच्या आणि मधूनमधून टिप जारची, म्हणजे बक्षिशीच्या डब्याची, आठवण करून द्यायची. पगार नसतो, जे टिप मिळतील ते तुमचे. एक-दोन महिने हे केलंत की शो कसा चालतो, कुठे फाटतो, कोण गायक वेळेवर येतो नि कोण पाच मिनिटं आधी गायब होतो, सगळं फुकटात शिकून होतं.

आणि स्वागत कमी समजू नका हां. लग्नाच्या दारात अत्तर लावायला कुणी उभं नसलं तर पाहुणा जसा ओशाळून कोपऱ्यात बसतो ना, अगदी तसंच इथे होतं. नवा अवतार उतरतो, दोन मिनिटं बघतो, कुणी काही बोललं नाही तर निघून जातो. नाव घेऊन बोललात तर तासभर थांबतो आणि पुढच्या वेळी मैत्रिणीला घेऊन येतो. फक्त नाव बघून टाइप करा, डिस्प्ले नेममध्ये लोक फुलं-चांदण्या घालतात ते कॉपी करायच्या भानगडीत पडू नका, वाचता येईल तेवढं घ्या.

पायरी २: घड्याळ

एसएलमधली वेळ म्हणजे एसएलटी, ती कॅलिफोर्नियाची वेळ. उन्हाळ्यात आपण साडेबारा तास पुढे, हिवाळ्यात साडेतेरा. म्हणजे त्यांची संध्याकाळी ६ ची मैफल आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, हिवाळ्यात साडेसातला. मी नाशिकला असते, माझे अर्धे शो हे दूध तापत ठेवून झालेत. उलट आपली संध्याकाळ, म्हणजे साडेसात, तेव्हा तिथे सकाळचे ७ असतात (हिवाळ्यात ६), अमेरिकन लोक झोपलेले किंवा कामाला निघालेले, पण युरोपात दुपार असते, त्यामुळे जर्मन, इटालियन, ब्रिटिश लोक चांगले मिळतात. नव्या भारतीय होस्टने मी म्हणेन याच वेळेपासून सुरुवात करावी, स्पर्धा कमी असते.

दोन खड्डे लक्षात ठेवा. एक, अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात, युरोपचं मात्र मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, त्यामुळे मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला एक आठवडा निम्मं पब्लिक एक तास चुकतं. जाहिरातीत नेहमी एसएलटीच लिहा, दुसरी वेळ लिहायला जाऊच नका. दोन, मंगळवार-बुधवारी एसएलटीच्या सकाळी सर्व्हरचे रिस्टार्ट चालतात. पाचेक मिनिटांची सूचना येते आणि मग सगळेच्या सगळे बाहेर. आपली संध्याकाळ नेमकी त्यातच सापडते. मी पहिला स्वतःचा शो मंगळवारी ठेवला होता, पुढचं सांगत नाही.

पायरी ३: जागा निवडताना

आता जागा. इथलं जग रिजनमध्ये वाटलेलं आहे, एक रिजन २५६ बाय २५६ मीटर. एका रिजनमध्ये किती अवतार मावतात त्याला मर्यादा असते आणि इथेच नवे लोक फसतात. स्वस्तातल्या होमस्टेड रिजनमध्ये फक्त २० मावतात, मेनलँडवर (कंपनीच्या स्वतःच्या सलग जमिनीवर) साधारण ४०, पूर्ण खाजगी रिजनवर १०० पर्यंत. त्यातही रिजन तुमच्या एकटीचा नसेल तर शेजारच्या दुकानात भटकणारे लोक याच आकड्यात धरले जातात. म्हणजे तुमचा गायक यायचाय आणि रिजन फुल्ल, असं होतं, खरंच होतं. म्हणून गायकाला पंधरा मिनिटं आधी आत आणून उभं करायचं.

मोठ्या कार्यक्रमांची यावर एक मस्त युक्ती असते, स्टेज चार रिजन जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर बांधतात, प्रेक्षक चारही बाजूंना उभे राहतात आणि चौपट माणसं मावतात. जूनमध्ये एसएलचा वाढदिवस असतो तेव्हा असले स्टेज नक्की बघा. आपल्याला सध्या त्याची गरज नाही, पंधरा लोक आले तरी पहिल्या शोला सत्यनारायण घाला.

बांधकाम साधं ठेवा. खूप धूर, चकाकणारे कण, प्रत्येक खांबावर स्क्रिप्ट (वस्तू चालवणारा छोटा प्रोग्राम), यानं लॅग वाढतो, म्हणजे सगळं अडखळायला लागतं. कंट्रोल-शिफ्ट-१ दाबलं की आकड्यांची पट्टी उघडते, त्यात टाइम डायलेशन १ च्या जवळ आणि सिम एफपीएस ४५ च्या आसपास पाहिजे. ते खूप खाली आलं की लोक चिखलातून चालल्यासारखे चालतात. आणि लँडिंग पॉइंट, म्हणजे येणारे लोक उतरतात ती जागा, लावा! स्टेजपासून थोडं लांब, मोकळ्या जागी, तोंड स्टेजकडे. त्या मुलीने तेवढंच केलं असतं तर मी भिंतीत उतरले नसते.

लोकांना नाचायला डान्स बॉल ठेवा, क्लिक केलं की सगळे एकत्र नाचतात. नाचाची सोय नसेल तर अवतार नुसते खांबासारखे उभे राहतात आणि शोचा सगळा रंग जातो. गाणं कितीही चांगलं असलं तरी.

पायरी ४: आवाज, आणि इथे जरा जास्त वेळ थांबूया

शो आवाजावर चालतो. बाकी सगळं माफ आहे, आवाज गेला की पब्लिक गेलं.

एसएलमध्ये बोलायला व्हॉइस असतो, पण गाण्याला तो वापरत नाहीत. गाण्यासाठी वेगळी स्ट्रीम लागते. ते असं चालतं: गायक स्वतःच्या घरी माइकवर गातो, त्याच्या कॉम्प्युटरवरचं एक सॉफ्टवेअर तो आवाज शाउटकास्ट किंवा आइसकास्ट जातीच्या सर्व्हरवर पाठवतं, त्या सर्व्हरचा एक पत्ता असतो, तो पत्ता तुम्ही जागेच्या सेटिंगमध्ये साउंडच्या टॅबमध्ये टाकायचा, आणि जागेवर उभ्या असलेल्या प्रत्येकाचा व्ह्यूअर (एसएल चालवायचं सॉफ्टवेअर) थेट त्या सर्व्हरवरून गाणं ओढतो. म्हणजे आवाज एसएलच्या सर्व्हरमधून जातच नाही. हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या अडचणी आपोआप कळतात. रिजन लॅगने मरत असला तरी गाणं स्वच्छ येऊ शकतं, आणि रिजन एकदम छान असला तरी गाणं बंद पडू शकतं.

नवे लोक घाबरतात की माझं इंटरनेट तीस लोकांना गाणं कसं पुरवणार. नाही हो, तुमच्याकडून एकच धार वर जाते, वाटप सर्व्हर करतो. १२८ केबीपीएसला तासाला साठेक एमबी, बस. स्ट्रीम महिन्याच्या भाड्याने मिळते, घेताना किती श्रोत्यांची आहे ते बघा, ५० ची सुरुवातीला पुष्कळ झाली. फॉरमॅट एमपीथ्रीच ठेवा, दुसरं काही ठेवलं तर व्ह्यूअरमध्ये वाजेलच असं नाही आणि मग तासभर डोकं खाजवत बसाल. पाठवायला बट (BUTT) नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे (नावावर हसून झालं असेल तर पुढे जाऊ), डीजे लोकांना मिक्स (Mixxx) नावाचं, हे पण फुकटच, तेही चालतं.

आता सगळ्यात विचित्र भाग, उशीर. गायक गातो आणि श्रोत्याला ऐकू येतं यात वीस-तीस सेकंद जातात, कधी जास्तही. म्हणजे गायक गाणं संपवून पाणी प्यायला लागतो तेव्हा प्रेक्षक अजून शेवटच्या कडव्यात असतात. टाळ्या चॅटमध्ये येतात तेव्हा याचं पुढचं गाणं सुरू झालेलं असतं. आपल्याकडे संगीत नाटकात वन्समोअर आला की गायक तिथल्या तिथे पद परत घ्यायचा, इथे वन्समोअर दुसऱ्याच गाण्यात येऊन पडतो. म्हणून गायकाला सांगून ठेवायचं, दोन गाण्यांच्या मध्ये अर्धा मिनिट बोल, गाण्याची गोष्ट सांग, चॅट वाच, लोकांची नावं घे. सरावलेले गायक हे आपोआप करतात, नव्याला मात्र वाटतं कुणाला आवडलंच नाही, आणि आवाज पडतो बिचाऱ्याचा.

याच कारणाने गायकाने स्वतःच्या व्ह्यूअरमधली स्ट्रीम बंद ठेवायची. नाहीतर त्याला स्वतःचंच गाणं अर्ध्या मिनिटाने कानात येतं. आणि निवेदन व्हॉइसवर करू नका, व्हॉइस लगेच पोचतो, स्ट्रीम मागून येते, तुम्ही म्हणणार "वा, काय गायलं" आणि लोकांच्या कानात अजून अंतरा चालू. होस्टने चॅटमध्येच टाइप करावं, तेही स्वतः स्ट्रीम ऐकत ऐकत, म्हणजे प्रेक्षकांच्याच वेळेत राहता.

स्ट्रीमचा पत्ता बदलायची परवानगी हा अजून एक खोडा. जागा ग्रुपच्या नावावर असेल तर ग्रुपमधल्या तुमच्या रोलला (पदाला) म्युझिक बदलायचा हक्क दिलेला पाहिजे आणि तुम्ही त्या ग्रुपचा टॅग (नावावरची पाटी) लावलेला पाहिजे. टॅग लावायला विसरून "अहो बदलतच नाहीये" म्हणून मॅनेजरला रात्री उठवणाऱ्यांत मी पण आहे. बऱ्याच क्लबमध्ये भिंतीवर एक पेटी असते, तिच्यावर क्लिक करून डीजे आपली स्ट्रीम लावतो, ती पेटीसुद्धा ग्रुपच्या नावावर केलेली असावी लागते, नाहीतर चालत नाही.

क्रम असा: आधी गायक स्ट्रीमवर चढला का ते विचारा, मग पत्ता टाका. उलटं केलंत तर लोकांच्या व्ह्यूअरला तिथे काहीच सापडत नाही आणि ते गप्प बसतात. मध्येच तुटली तर परत जोडल्यावर चॅटमध्ये लिहा, सगळ्यांनी खालचं म्युझिकचं बटण बंद करून परत चालू करा. हे वाक्य तयार करून ठेवा, लागणारच आहे. आणि आपल्याकडे वीज जाते. राउटरला छोटा यूपीएस लावा, लॅपटॉप चार्ज ठेवा, मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा. माझ्याकडे एकदा ऐन शोमध्ये दिवे गेले आणि मी परत येईपर्यंत गायक बिचारा एकटाच लोकांचं स्वागत करत बसला होता.

पायरी ५: गायक कुठून आणायचा

दुसऱ्यांच्या शोला जाऊन. नावं ऐकून बुक करू नका, पूर्ण तास ऐका. लाइव्ह गायकाचा सेट साधारण तासाचा असतो, डीजेचा एक-दोन तासांचा. गायक फी घेतात, कुणी काही हजार लिंडन, कुणी नुसत्या टिपवर येतात, बऱ्याच जणांचा वेगळा मॅनेजर असतो, त्याच्याशीच बोलायचं, गायकाला थेट छळायचं नाही. नोटकार्डवर चार गोष्टी लिहून घ्या: तारीख-वेळ एसएलटीमध्ये, फी, स्ट्रीम कुणाची, आणि टिप जार स्वतःचा लावणार का. पैसे सेट संपल्यावर लगेच द्या, उद्यावर ढकललंत तर ही बातमी तुमच्या शोपेक्षा जास्त वेगाने पसरते.

गाण्यांच्या हक्कांचं पण थोडं. कंपनीच्या नियमांनुसार ती जबाबदारी वाजवणाऱ्याची आणि लावणाऱ्याची असते, आतलं जग खोटं म्हणून कायदा सुटत नाही. स्वतःची गाणी गाणारा कलाकार मिळाला तर सगळ्यात बरं, नाहीतर परवान्याचं काय ते आधीच विचारून घ्या.

पायरी ६: बोलावणं

ग्रुप काढा. साध्या अकाउंटला १०० लिंडन लागतात आणि दोन दिवसांत दुसरा सदस्य आला नाही तर ग्रुप बंद होतो, म्हणून मैत्रिणीला आधीच तयार ठेवा. शोच्या दिवशी एक नोटीस सकाळी आणि एक सुरू होताना, बस. नोटीशीला एकच वस्तू जोडता येते, ती लँडमार्कच (जागेचा पत्ता) असू द्या, पोस्टर नको, लोकांना पोचायचं असतं. पोस्टर क्लबच्या दाराशी लावा, साध्या अकाउंटला छोटं चित्र चढवायला १० लिंडन लागतात. एका अकाउंटला ग्रुप मोजकेच मिळतात, तुम्ही दिवसाला सहा नोटिसा टाकल्यात की जागा करायला पहिला तुमचाच ग्रुप उडवला जातो. एसएलच्या इव्हेंट कॅलेंडरवर पण टाका, योग्य रेटिंगमध्ये (सगळ्यांसाठी की फक्त मोठ्यांसाठी), तिथून अनोळखी लोक येतात. आणि सरसकट सगळ्या फ्रेंडलिस्टला टेलिपोर्ट पाठवू नका प्लीज, कोण कपडे बदलत असतं कोण रडत असतं.

शोच्या दिवशी

नाटकाच्या तीन घंटांसारखं करा. पहिली घंटा तासभर आधी: स्ट्रीम लावून ऐका, लँडिंग पॉइंटवर स्वतः टेलिपोर्ट होऊन बघा, कालच्या शोचा कचरा उचला, रिजन जड वाटत असेल आणि हक्क असेल तर रिस्टार्ट द्या. दुसरी पंधरा मिनिटं आधी: गायक आत, टिप जार उभा, गायकाने दोन ओळी गायच्या आणि स्ट्रीम ऐकणाऱ्या दुसऱ्या माणसाने आवाज कमी-जास्त सांगायचा, हा कान ठेवणारा माणूस पाहिजेच, गायकाला स्वतःला कळत नाही. तिसरी वेळेवर. दहाच लोक असले तरी वेळेवर. उशिरा सुरू केलंत तर पुढच्या क्लबचा सेट बुडतो, गायक तिकडे जायचा असतो.

लोकल चॅट २० मीटरपर्यंतच ऐकू जातं, मोठ्या मैदानात मागच्यांना तुम्ही दिसताय पण ऐकू येत नाही, तेव्हा महत्त्वाचं असेल ते शाउटने, ते १०० मीटर जातं. पण सारखं शाउट नको. आवाजाच्या जेश्चरचाही (एका क्लिकवर वाजणाऱ्या शिट्ट्या-टाळ्यांचा) अतिरेक नको, एक-दोन शिट्ट्या बऱ्या, दर दहा सेकंदांनी भोंगा वाजला की लोक तुम्हालाच म्यूट करतात.

टवाळखोर येणारच. कुणी वस्तू फेकतं, कुणी शिव्या देतं. आधीच सेटिंगमध्ये बाहेरच्यांना वस्तू मांडायची आणि ढकलायची बंदी घालून ठेवा. आलाच कुणी तर वाद घालायचा नाही, बाहेर काढायचं, बॅन करायचं आणि गाणाऱ्याकडे लक्ष वळवायचं. त्याच्याशी भांडलात तर तोच शो होतो.

टिप जारबद्दल एकच महत्त्वाचं. साधा जार ज्याचा त्याला पैसे देतो, पण काही जार क्लब आणि गायक यांत वाटणी करतात, ते लावताना तुमच्या खात्यातून पैसे काढायची परवानगी मागतात. ओळखीच्या दुकानाचा जार असेल तरच हो म्हणा. अनोळखी वस्तूने हीच परवानगी मागितली तर थेट नाही, कितीही गोड भाषेत विचारलं तरी, त्या परवानगीने खातं रिकामं होऊ शकतं.

सेट संपला की गायकाचे आभार, फी, आणि पुढच्या शोची वेळ एकदा चॅटमध्ये. मग जागेचा मूळचा स्ट्रीमचा पत्ता परत टाका, नाहीतर गायकाने मशीन बंद केली की तुमचा क्लब पुढच्या शोपर्यंत मुका. आणि माणसं रेंगाळतात तोवर लॉगआउट करू नका, खऱ्या ओळखी त्या शेवटच्या वीस मिनिटांतच होतात. त्या मुलीचा पहिला शो परवा झाला, सतरा जण आले. धूर तिने काढून टाकलाय, लाइट मात्र अजून फिरतायत, ते काही ती ऐकत नाही.